कोसंबी नावाचा पर्याय

"मामा, हे कोसंबी जपानी होते का हो?"

भाचीने हे इतक्या सहज विचारलं की मामांची चहाची बशी ओठांपाशीच थांबली. मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यात श्रावणातला पाऊस दोन दिवस हटला नव्हता. सूर्यमाळकडचा डोंगर ढगात होता आणि मोबाइलची रेंज पडवीच्या एका कोपऱ्यापुरती उरली होती. त्याच कोपऱ्यात खुर्ची ओढून भाची लॅपटॉपवर नोकरीचा अर्ज भरत बसली होती. नागलीच्या आनुवंशिकीवर तिची पीएचडी झालेली, कंत्राटी सहायक प्राध्यापक म्हणून तिसरं वर्ष चाललेलं. मामा म्हणजे आश्रमशाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांच्या कपाटात दामोदर धर्मानंद कोसंबींच्या इतिहासलेखनाचे मराठी अनुवाद आहेत, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा केलेले.

"जपानी? अगं, गोव्यातल्या कोसबेनचे. १९०७चा जन्म. वडील धर्मानंद, पालीचे पंडित. तुला हे नाव कुठे भेटलं?"

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. जनुकांचा नकाशा काढणारं एक सॉफ्टवेअर उघडं होतं. त्यात अंतर कोणत्या सूत्राने काढायचं याचे दोन पर्याय होते, एक हाल्डेन आणि दुसरा कोसंबी. पाच-सहा वर्षं ती दुसऱ्यावर टिचकी मारत आली होती. हाल्डेन इंग्रज, म्हणून हा दुसरा कुणीतरी तितकाच लांबचा असणार असं तिने धरलं होतं.

एकाच माणसाचे दोन अर्धे त्या पडवीत समोरासमोर आले होते. मामांना इतिहासकार ठाऊक होता, भाचीला सूत्र. इतिहासकाराने जनुकांत काय शोधलं, हे मामांनी तिच्याचकडून समजून घेतलं. दोन जनुकं गुणसूत्रावर जितकी दूर, तितकी पुढच्या पिढीत जाताना ती एकमेकांपासून सुटण्याची शक्यता जास्त. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर सुटलेली जोडी पुन्हा जुळते आणि मोजणीतून निसटते. म्हणून दिसणाऱ्या टक्केवारीवरून खरं अंतर काढायला सूत्र लागतं. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ साली एक सूत्र दिलं. त्यात एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर परिणाम होत नाही असं गृहीत धरलेलं आहे. कोसंबींनी १९४४ साली 'अॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये तो परिणाम हिशेबात घेतला. वीस टक्के रोपांत जोडी सुटलेली दिसली तर हाल्डेन अंतर साडेपंचवीस सांगतात, कोसंबी एकवीसच्या थोडं वर. पिकांच्या नकाशांत हे दुसरं उत्तर फार ठिकाणी वापरलं जातं.

"मग तुझ्या लेखाखाली संदर्भांत कोसंबींचं नाव दिलंस?" मामांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"सॉफ्टवेअरचा संदर्भ दिला. सगळे तसंच करतात."

मामा हसले. पण हसणं फार पुढे गेलं नाही, कारण भाची त्या वेळी अर्जातल्या नेमक्या त्याच रकान्यावर अडली होती. किती लेख, त्यांना इतरांनी किती वेळा उद्धृत केलं, एच-इंडेक्स किती? तिचा सात होता. म्हणजे तिचे सात लेख असे, की ज्यांना प्रत्येकी किमान सात वेळा कुणीतरी आपल्या लेखात संदर्भ म्हणून घेतलं आहे. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली हा आकडा सुचवला आणि दोन दशकांत तो जगभरच्या निवड समित्यांच्या टेबलावर जाऊन बसला.

"म्हणजे कोसंबींच्या सूत्रावर तुमचं शेत चालतं आणि सातबाऱ्यावर नाव सॉफ्टवेअरवाल्याचं," मामा म्हणाले. "आणि असल्या उताऱ्यावरून तुमची नोकरी ठरणार?"

"ठरू दे," भाची म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "मामा, तुम्हाला आकड्याचा राग येतो. मला येत नाही. मी दोन मुलाखती दिल्यात. एकीत विचारलं, मार्गदर्शक कोण. दुसरीत विचारलं, खोडाळा कुठे आलं. माझ्यासाठी फोन करणारं कुणी नाही. कागदावर माझ्या बाजूने बोलणारा हा सात एवढाच आहे. तो माझं आडनाव विचारत नाही, पाडाही विचारत नाही."

हा युक्तिवाद मामांना अपेक्षित नव्हता. संख्येवर टीका करणारे बहुतेक जण असे असतात की ज्यांना संख्येवाचून ओळखलं जातं. ज्याला कुणीच ओळखत नाही त्याला आकडा हाच वशिला. हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण पुढचं वाक्य त्यांनी जपून टाकलं.

"तुझा सात खोटा म्हणत नाही मी. पण सात कशाच्या तुलनेत?"

इथे भाचीलाच कबूल करावं लागलं. हिर्श यांनी मूळ लेखातच दाखवलं होतं की भौतिकशास्त्रात तेव्हा सर्वांत वर असलेले एडवर्ड विटन ११० वर होते आणि जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर १९१ वर. याचा अर्थ स्नायडर विटन यांच्यापेक्षा पावणेदोन पट हुशार, असा कुणी काढत नाही. जीवशास्त्रात माणसं जास्त, लेख जास्त, प्रत्येक लेखाखालची संदर्भांची यादी लांब. गणितात एखादा लेख पचायलाच दहा वर्षं जातात. जगात सर्वाधिक उद्धृत झालेला लेख कोणता? सापेक्षतेवरचा नाही, डीएनएच्या रचनेवरचाही नाही. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली द्रावणातलं प्रथिन मोजायची एक रीत लिहिली, तो. 'नेचर'ने २०१४ साली यादी केली तेव्हा त्याची उद्धरणं तीन लाखांवर गेली होती. ज्याच्या त्याच्या प्रयोगशाळेत प्रथिन मोजावं लागतं, म्हणून.

"म्हणजे पाककृतीला मान, स्वयंपाकाला नाही," मामा म्हणाले.

"पाककृतीशिवाय तुमचं अन्न कच्चं राहिलं असतं."

आता कोसंबींना या तराजूत घालायचा मोह दोघांनाही आवरेना. रेंज असेपर्यंत भाची शोधत गेली, मामा आठवणीतून भर घालत गेले. यादी विचित्र निघाली. १९३३ साली जर्मनीतल्या 'माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट'मध्ये वक्रपथांच्या भूमितीवर लेख, त्याच्याच पाठोपाठ एली कार्तान यांचं त्यावरचं टिपण. पुढे चर्न यांचं काम जोडलं जाऊन तो विषय तिघांच्या नावांनी ओळखला गेला. मग तक्षशिलेची आहत नाणी. एखादं नाणं हजारो हातांतून गेलं की झिजतं. त्या झिजेचं संख्याशास्त्र मांडायला कोसंबींनी हजारो नाणी तराजूत तोलली. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना. १९६२ साली 'मिथ अँड रिअॅलिटी', ज्यात पुण्याच्या आसपासच्या डोंगरवाटा, शेंदूर लावलेले तांदळे आणि दगडी हत्यारं एका धाग्यात येतात. हा माणूस पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जायचा, गणिताचा प्राध्यापक म्हणून.

"यांच्यातला कोणता माणूस कोणत्या खात्यात मोजायचा?" मामांनी विचारलं. "गणितवाल्याला नाणी कळत नाहीत, नाणीवाल्याला गणित. हे एकाच घरात राहणारे सहा भाऊ आहेत आणि एकमेकांना उद्धृत करत नाहीत."

त्याहून मोठी गंमत नावाची. याद्या करणारी यंत्रं आडनाव आणि आद्याक्षर पाहतात. 'कोसंबी, डी.' म्हटलं की बाप आणि लेक एकत्र होतात. आणि तेही हार्वर्डच्या एकाच प्राच्यमालेत, कारण धर्मानंदांनी संपादलेला 'विसुद्धिमग्ग' तिथेच आला आणि दामोदरांनी वि. वि. गोखले यांच्यासोबत संपादलेला 'सुभाषितरत्नकोश'ही तिथेच. उलट, दामोदरांनी साठच्या दशकात काही गणिती लेख एस. डुक्रे या टोपणनावाने छापले, ते त्यांच्या खात्यात जमाच होत नाहीत. २०१२पासून संशोधकांना आधारसारखा एक ओळखक्रमांक मिळू लागला, तो याच गोंधळापायी.

भाची एव्हाना रमली होती. तिला सापडलेली पुढची गोष्ट तिने मुद्दाम राखून ठेवली आणि मग सांगितली. १९३१ साली कोसंबींनी संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत एक लेख छापला. त्यात डी. बूर्बाकी नावाच्या, रशियन क्रांतीत मेलेल्या गणितज्ञाचं प्रमेय पुढे नेल्याचा दावा होता. असा माणूस कधी नव्हताच. एका सहकाऱ्याची फजिती करायची होती, आणि कल्पना अलीगढला शिकवायला आलेल्या आंद्रे वेल यांची. चारेक वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी निकोला बूर्बाकी हे सामूहिक नाव घेऊन गणिताचे ग्रंथ लिहायला घेतले. त्या नावाचा गणिताच्या छापील जगातला पहिला उल्लेख म्हणजे एका भारतीय पत्रिकेतला खोटा संदर्भ.

मामा टाळी देत हसले. "बघ! कोसंबींनी तुझ्या मोजणीची टर उडवली, मोजणी जन्माला यायच्या आधी."

आधी म्हणजे बरीच आधी. उद्धरणांची पद्धतशीर सूची करावी ही कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये मांडली आणि १९६४पासून ती सूची नियमित निघू लागली. हेतू साधा होता. एखादा लेख हाती आला की पुढे त्यावर कुणी काय म्हटलं, चुका कुणी दाखवल्या, हे शोधायला वाट मिळावी. ग्रंथालयातल्या वाटाड्याला निवड समितीचा अध्यक्ष नंतर केलं गेलं, आणि ते केलं इतरांनी. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली बढतीसाठी गुण लावले. त्याबरोबर पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. मे २०१८मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाच्या मदतीने नवी, चाळलेली यादी आली. २०२५च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता ज्याने त्याने आपापलं पाहावं.

"खत पिकाला घातलं आणि तण वाढलं," मामा म्हणाले.

"तण वाढलं म्हणून पीक घ्यायचंच नाही का?" भाची म्हणाली. "आणि तुमच्या कोसंबींचंच शेवटचं प्रकरण सांगू? ते तुमच्या बाजूचं नाही."

१९५९ साली कोसंबींनी रीमान गृहीतकाकडे नेणारा लेख लिहिला. ते गणितातलं सर्वांत अवघड मानलं जाणारं कोडं, आजही न सुटलेलं. लेख छापला कुठे, तर भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत. संख्यासिद्धांताचे जाणकार तिथे तपासायला बसलेले नव्हते. सिद्धता मान्य झाली नाही, नाचक्की झाली. १९६२ साली टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे चालवला नाही. त्या निर्णयामागे इतरही मतभेद होते असं लिहिणारे आहेत.

"इथे आकडा कुठे होता, मामा? इथे माणसंच होती. आणि लेख चुकीच्या दारात नेणारेही तुमचे कोसंबीच."

मामांनी ते मान्य केलं. पण हार मानल्यासारखं नव्हे. "चुकले. आणि तरीही १९४३चा तो दुसरा लेख बघ, तूच मघाशी वाचून दाखवलास. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमधला. महायुद्ध चालू, अंक परदेशी पोचत नाहीत. तेच गणित फिनलंडच्या कारहुनेननी १९४७ला, लोएव्ह यांनी १९४८ला मांडलं आणि नाव त्या दोघांचं पडलं. आता कुठे काही जण कोसंबींचं नाव पुढे जोडतात. हा लेख बरोबर होता. दारही बरोबर होतं. फक्त ते भारतात होतं."

पावसाचा जोर वाढला तसा वाद भाषेवर आला. तो येणारच होता, कारण मामांचं खरं दुखणं तिथे होतं. रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली आलं. १९८७चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. महाराष्ट्रात त्यावर चर्चा झाली, भांडणं झाली, विठ्ठलाविषयी पुढे लिहिणाऱ्याला त्याला वळसा घालून जाता येईना. पण जगाच्या सूचीत हे पुस्तक नीट दिसू लागलं ते अॅन फेल्डहाऊस यांचा इंग्रजी अनुवाद २०११ साली ऑक्सफर्डने काढल्यावर. मधली सत्तावीस वर्षं या मोजणीच्या लेखी जवळजवळ कोरी. वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या 'नवभारत'सारख्या मासिकांत १९४७पासून जे वादविवाद झाले, त्यांचे एकमेकांना दिलेले संदर्भ कोणत्या यंत्राने वेचले आहेत?

भाचीकडे याला उत्तर नव्हतं. तिने सांगितलं ते एवढंच की २०१५ साली हॉलंडमधल्या लायडनच्या नावाने तज्ज्ञांनी एक जाहीरनामा काढला. स्थानिक प्रश्नांवरचं, स्थानिक भाषेतलं संशोधन जपा, असं त्यात तिसऱ्याच कलमात आहे.

"तो कोणत्या भाषेत आहे?" मामांनी विचारलं.

"आधी इंग्रजीत." दोघंही हसले.

एवढ्यात छत्री झटकत शेजारची आशाताई पडवीत आली. महिन्याच्या नोंदींची बेरीज ती गुरुजींकडून तपासून घेते. खांद्याच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, नोंदवही. आज वरच्या पाड्यावर एका बाळाची सातव्या दिवसाची भेट होती.

"वजन?"

"दोन किलो तीनशे, गुरुजी. अडीचच्या खालीच. पण मागच्या भेटीपेक्षा घटलेलं नाही. परत जाणार आहे चौदाव्या दिवशी."

तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिला दिवसही. हे दिवस तिला पाठ आहेत. ते आले कुठून, हे भाचीने सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा खाली बसली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचं प्रमाण बासष्ट टक्क्यांनी खाली आलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो लेख छापला गेला, जगभर उद्धृत झाला, आणि २०११ साली तीच घरभेटींची रीत देशभरच्या आशांच्या कामात आली. ज्या जव्हार-मोखाड्याचं नाव १९९२–९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी वर्तमानपत्रांत गेलं, तिथे ती पोचायला हा एवढा वळसा पडला.

"म्हणजे माझी ही वही त्या लेखाची आहे?" आशाताईने विचारलं.

"एका अर्थी."

"मग माझी ही भेट त्यात मोजतात का?"

नाही मोजत. त्या लेखाच्या खात्यात दुसऱ्या लेखाने दिलेला संदर्भ जमा होतो. वरच्या पाड्यावरच्या पावसातली भेट होत नाही. मामांच्या बाजूचा हा इतका नेमका पुरावा होता की त्यांनी बोलू नये हेच बरं होतं, पण ते बोलले. "ऐक. हाच खरा उद्धरणांक."

"पण मामा, तो लेख 'लॅन्सेट'मध्ये आला नसता, लोकांनी तो उचलून धरला नसता, तर दिल्लीने ऐकलं असतं?" भाचीने विचारलं. "आणि त्या लेखात तरी काय होतं? आकडेच. ही बाई काट्यावर बाळ तोलते तेव्हा तुम्ही तिला आकड्यांच्या मागे लागू नकोस म्हणता का?"

आशाताईला हा वाद कशावरून चाललाय ते कळलं नसावं. तिने बेरीज तपासून घेतली, एक चूक निघाली, ती दुरुस्त केली.

मग मामा आत गेले आणि एक जाड वही घेऊन आले. खोडाळ्यात अभ्यासाला आलेल्या माणसांची ती वही. नाव, गाव, विषय, कुणाकुणाशी बोलले. विषयांत कुपोषण आहे, स्थलांतर आहे, बोहाड्याचे मुखवटे आहेत, वारली आणि कोकणा बोली आहेत, मध्य वैतरणा धरण आहे. शेवटचा रकाना 'परत काय आलं'. तो बहुतेक जागी रिकामा. मोजक्या ठिकाणी लेखाची प्रत, एकदा फोटोंचं पाकीट, एकदा दिवाळीचं कार्ड.

"मध्य वैतरणेचं रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला जातं," मामा म्हणाले. "आणि चैत्र-वैशाखात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. माहितीचंही तसंच. इथून जाते. तुमच्या लेखांत आम्ही नमुना म्हणून असतो, वाचक म्हणून नाही."

भाची पानं उलटत होती. काही वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ती थांबली. तिथे तिचं स्वतःचं नाव होतं, मामांच्या गोल अक्षरात. विषय : नागलीच्या जाती. नमुने : हळवी आणि गरवी, पाच पाड्यांतून. शेवटचा रकाना कोरा. मामांनी भाची म्हणून सूट दिलेली नव्हती.

"माझा प्रबंध इंग्रजीत आहे," ती म्हणाली. "त्यात गुणसूत्रं आहेत. कोण वाचणार इथे?"

"मी बियाणं दिलं होतं ना तुम्हाला," आशाताई पिशवी बंद करता करता म्हणाली. "लांब कणसाचं. सासूबाई अजून विचारतात, त्याचं पुढे काय झालं. चांगलं निघालं का?"

अर्जाचं पान एव्हाना मुदत संपून आपोआप बंद झालं होतं. भाचीने ते पुन्हा उघडलं नाही. तिने नमुन्यांची यादी शोधून काढली, आशाताईच्या पाड्याच्या नावावर बोट ठेवलं आणि ते लांब कणसाचं वाण करप्याला किती टिकलं, पिकायला किती दिवस घेतले, ते मराठीत सांगायला लागली. मध्येच एका शब्दाला अडली, तो मामांनी पुरवला. आशाताईने स्वतःच्या नोंदवहीचं मागचं पान उघडलं आणि सासूबाईंना सांगायला लिहून घेऊ लागली.